भरल्या पोटी उपाशी मेंदू

कुपोषणाचे मोजमाप आजवर मुख्यतः शरीरावर घेतले गेले आहे. वजनकाटा, उंचीची पट्टी आणि दंडाचा घेर मोजणारी फीत ही त्याची साधने असून, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते बालक अतितीव्र कुपोषित गणले जाते. ही मापे मोलाची आहेत. मेळघाट असो वा नंदुरबार, अंगणवाडीपासून पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत बालकाचा प्रवास घडतो तो त्यांच्याच आधारे. मात्र मेंदू, मज्जारज्जू आणि हातापायांकडे जाणाऱ्या नसा यांची उपासमार या मापांत उमटेलच असे नाही. अंगाने भरलेल्या, दोन वेळा पोटभर जेवणाऱ्या, इतकेच नव्हे तर रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेत असलेल्या माणसाचाही मेंदू एखाद्या जीवनसत्त्वाच्या काही मिलिग्रॅमअभावी कायमचा जायबंदी होऊ शकतो, आणि त्या इजेचे निदान पुष्कळदा तो माणूस जिवंत असेपर्यंत होतच नाही. हे जीवनसत्त्व स्वस्त असते, इजा थांबवण्याची पद्धत ज्ञात असते आणि तरीही इजा होते. ज्ञान आणि व्यवहार यांतील हे अंतर वैद्यकाच्या इतिहासात सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते, परंतु माणूस स्वस्थ बसलेला असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. ही ऊर्जा प्रामुख्याने ग्लुकोजपासून मिळते, आणि ग्लुकोजचे ज्वलन पेशीत पूर्णत्वास जाण्यासाठी थायमिन, म्हणजेच बी-१ जीवनसत्त्व, अपरिहार्य असते. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना विकर म्हणतात. ऊर्जानिर्मितीच्या साखळीतील मोक्याची काही विकरे थायमिनपासून बनलेल्या एका रेणूची साथ मिळाल्याशिवाय कामच करू शकत नाहीत. चुलीत लाकडे खच्चून भरावीत पण वारा मिळू नये, म्हणजे जाळ होण्याऐवजी घरभर धूर कोंडतो, तसे थायमिनविना पेशीत घडते: ग्लुकोज अर्धवट मोडते, लॅक्टिक आम्ल साचते आणि पेशी उपाशी राहते ती राहतेच. प्रौढ माणसाला दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास थायमिन पुरते, परंतु शरीरातील एकूण साठा २५ ते ३० मिलिग्रॅमचाच असल्याने आवक थांबली की दोनतीन आठवड्यांत तो संपुष्टात येतो. चरबीवर माणूस कित्येक आठवडे तग धरतो. थायमिनच्या बाबतीत तेवढी मुदत निसर्गाने दिलेली नाही.

या अभावाचा सर्वांत मोठा उद्रेक तांदळाच्या गिरण्यांमागोमाग आला. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियाभर पांढराशुभ्र तांदूळ स्वस्त केला, आणि कोंड्याबरोबर त्यातील थायमिनही निघून गेले. पाय बधिर होणे, पोटऱ्या दुखणे, घोटा उचलता न येणे, पुढे अंगावर सूज आणि हृदय बंद पडून मृत्यू, असा क्रम असलेला बेरीबेरी हा रोग सैन्यांत, जहाजांवर आणि तुरुंगांत फोफावला. जपानी नौदलाच्या ‘र्‍यूजो’ या जहाजावर १८८२-८३ च्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ जणांना तो झाला आणि २५ जण दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी पुढल्या सफरीत ‘त्सुकुबा’ या जहाजावर मांस, दूध आणि पाव यांचा समावेश करून आहार बदलला, तेव्हा जेमतेम मूठभर खलाशी आजारी पडले आणि मृत्यू एकही झाला नाही. प्रथिने कमी पडल्यामुळे रोग होतो, हा ताकाकींचा तर्क चुकीचा होता; उपाय मात्र बरोबर होता. जपानी लष्कराच्या वैद्यकीय नेतृत्वाने जंतूचा सिद्धान्त उचलून धरत हा उपाय मानला नाही, आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात हजारो सैनिक गोळीने नव्हे तर पांढऱ्या भाताने मेले.

बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्याने १८९० च्या सुमारास प्रयोगशाळेतील कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील शिजवलेला पॉलिशचा भात त्यांना घातला जात होता तोवर त्या आजारी होत्या. नव्या आचाऱ्याने लष्करी भात कोंबड्यांना देण्यास नकार दिला आणि त्यांना असडीक तांदूळ मिळू लागला, तेव्हा त्या बऱ्या झाल्या. आइकमानचे सहकारी आडोल्फ फोर्डरमान यांनी जावातील १०१ तुरुंगांची पाहणी केली असता, पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या सुमारे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी आढळला, तर असडीक तांदूळ खाणाऱ्यांत हे प्रमाण १०,००० कैद्यांमागे एक इतके अत्यल्प होते. तरीही भातात काही विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असेच आइकमान बराच काळ मानत राहिले. कोंड्यात काही आवश्यक द्रव्य असून ते न मिळाल्याने रोग होतो, हा विचार त्यांच्यानंतर खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडला. रोग काही आल्याने नव्हे, तर काही नसल्याने होतो, ही कल्पना जंतुशास्त्राच्या ऐन भरात पचनी पडणे किती अवघड होते, ते यावरून दिसते. थायमिनचे कृत्रिम संश्लेषण अखेर १९३६ मध्ये साधले ते रॉबर्ट विल्यम्स यांना. मिशनरी आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म झाला होता तो भातखाऊ आंध्र किनाऱ्यावरच्या नेल्लोर येथे.

बेरीबेरी हा हातापायांच्या नसांचा आणि हृदयाचा रोग म्हणून ओळखला जात असताना, त्याच अभावाने होणारा मेंदूचा रोग मात्र वेगळ्याच कप्प्यात जाऊन पडला होता. बर्लिनमध्ये कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन केले: डोळ्यांचे स्नायू लुळे पडल्याने नजर फिरवता येत नाही, चालताना तोल जातो आणि मन भ्रमिष्ट होते. तिघेही मेले, आणि शवविच्छेदनात मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तस्राव आढळले. यांपैकी दोघे अट्टल मद्यपी होते. तिसरी रुग्ण वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने सल्फ्युरिक आम्ल प्यायल्याने जठराचे तोंड आकसले होते आणि तिला सतत उलट्या होत होत्या. या मुलीकडे पुढच्या पिढ्यांनी पुरेसे लक्ष दिले असते तर पुष्कळ काही टळले असते, कारण तिच्या आजाराचा दारूशी काडीमात्र संबंध नव्हता. अन्न पोटात ठरत नव्हते, एवढेच कारण होते. मॉस्कोतील सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी त्याच दशकाच्या अखेरीस स्मृतिनाशाच्या एका विलक्षण प्रकाराचे वर्णन केले. त्यात रुग्ण नीट बोलतो, जुन्या गोष्टी सांगतो, परंतु नवी आठवण त्याच्या मनात रुजतच नाही, आणि स्मृतीतील रिकाम्या जागा तो काल्पनिक प्रसंगांनी, फसवण्याचा कोणताही हेतू नसताना, भरून काढतो. वेर्निकेंचा तीव्र आजार आणि कोर्साकोव्ह यांचा स्मृतिनाश ही एकाच इजेची आधीची आणि नंतरची अवस्था आहे, हे कळायला बराच काळ जावा लागला.

त्याचा निर्णायक पुरावा प्रयोगशाळेतून नव्हे, तर युद्धकैद्यांच्या छावणीतून आला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडल्यावर हजारो ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिक बंदिवासात गेले आणि त्यांच्या ताटात पॉलिशच्या भाताखेरीज फारसे काही उरले नाही. सुमारे सहा आठवड्यांत छावणीच्या रुग्णालयात असे रुग्ण दिसू लागले, ज्यांची अन्नावरची वासना उडालेली, उलट्या सुरू झालेल्या आणि बुबुळे थरथरत असत. काहींना दिवस, स्थळ आणि माणसे यांचा विसर पडे. ह्यू डी वार्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स या डॉक्टरांनी अशा ५२ रुग्णांची काटेकोर नोंद ठेवली. यांतील बहुतेकांना आधी आमांश झाला होता, म्हणजे आधीच अपुरे असलेले थायमिन आतड्यांतून शोषलेही जात नव्हते. मद्य तर छावणीत मिळतच नव्हते. थायमिनचा जो तुटपुंजा साठा हाताशी होता, त्यातून वेळेवर इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांच्या बुबुळांची थरथर थांबली आणि भ्रम ओसरला. ज्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही, त्यांच्या शवविच्छेदनात वेर्निकेंनी वर्णिलेलेच रक्तस्राव सापडले. युद्धाच्या अखेरीच्या काळात ही कागदपत्रे डब्यात बंद करून दफनभूमीत पुरण्यात आली, पुढे ती उकरून काढली गेली आणि १९४७ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उपासमारीने खंगलेल्या डॉक्टरांनी उपासमारीचाच इतका शिस्तबद्ध अभ्यास करावा आणि तो कबरींच्या आसऱ्याने जपावा, ही वैद्यकाच्या इतिहासातील आदराने स्मरावी अशी घटना आहे.

एवढे झाल्यावरही हा रोग ‘दारुड्यांचा आजार’ म्हणूनच पाठ्यपुस्तकांत राहिला, आणि त्याहून हानिकारक म्हणजे तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्याखेरीज निदान करू नये, असा समज रूढ झाला. ऑस्ट्रेलियातील क्लाइव्ह हार्पर यांनी १९८६ मध्ये शवविच्छेदनात निश्चित झालेल्या १३१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा डोळे, तोल आणि मन या तिन्हींची लक्षणे एकत्र नोंदलेले रुग्ण अवघे १६ टक्के निघाले, आणि पाचांपैकी चौघांचे निदान जिवंतपणी झालेलेच नव्हते. म्हणजे डॉक्टर ज्या चित्राची वाट पाहत थांबतात, ते चित्र बहुतेक रुग्णांत उमटतच नाही. ज्याचे खाणे दीर्घकाळ तुटलेले आहे आणि जो अकारण गोंधळलेला आहे किंवा अडखळत चालतो, त्याला शंका येताच शिरेतून भरपूर थायमिन द्यावे, हा नियम त्यानंतर हळूहळू मान्य झाला. त्यात गमावण्यासारखे जवळपास काहीच नाही. डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारू लागते, तोल सावरायला आठवडे लागतात. स्मृती मात्र एकदा गेली की बहुसंख्य रुग्णांत पूर्ण परत येत नाही, कारण तोवर मेंदूतील थॅलॅमस हा भाग आणि त्याखालील स्मृतिमार्गातील पेशी मेलेल्या असतात.

येथे महाराष्ट्रातील घराघराला परिचित असलेल्या एका सवयीचा उल्लेख आवश्यक ठरतो. अशक्तपणा आला की ‘सलाईन लावा’ असा आग्रह रुग्ण आणि नातेवाईक धरतात, आणि त्या बाटलीत बहुधा ग्लुकोज असते. बहुसंख्यांना त्याने अपाय होत नाही. परंतु ज्याचा थायमिनचा साठा तळाशी गेलेला आहे, अशा माणसाच्या शिरेत केवळ ग्लुकोज सोडले, तर ते जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि तोवर कशीबशी तगलेली चेतापेशी कोलमडते. म्हणून अशा रुग्णाला थायमिन आधी किंवा निदान ग्लुकोजबरोबरच मिळाले पाहिजे. दीर्घ उपासानंतर अन्न वेगाने सुरू केल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमची पातळीही धोकादायक रीतीने घसरते, आणि त्यातून झटके, बेशुद्धी व हृदयाचे ठोके बिघडणे संभवते. अतितीव्र कुपोषित बालकाला पहिल्या दिवसांत भरपेट खाऊ न घालता कमी उष्मांकाचे दूध थोडे थोडे आणि वारंवार देण्याची पद्धत याच कारणाने आली आहे. माया उतू जात असताना हात आखडता घेणे आईला आणि आजीला क्रूर वाटते, आणि त्यांना ते समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

गरोदरपणात आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या उलट्या, वजन घटवण्यासाठी जठरावर केलेली शस्त्रक्रिया, कर्करोगामुळे तुटलेले अन्न, दीर्घ उपोषण, ही सगळी वेर्निकेंच्या त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीचीच आजची रूपे आहेत. तुर्कस्तानातील तुरुंगांत झालेल्या प्रदीर्घ उपोषणांनंतर जिवंत राहिलेल्या अनेकांची स्मृती आणि चाल कायमची बिघडली.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत या अभावाचा खरा आवाका अलीकडेच कळला. इस्रायलमध्ये २००३ मध्ये सोयाबीनपासून बनवलेल्या एका शिशुआहारात थायमिन जवळजवळ नसल्याचे उघडकीस आले. काही बाळे दगावली आणि काहींना अपस्मार व तीव्र मतिमंदत्व आले. पुष्कळ बाळे मात्र तेच दूध पिऊनही धडधाकट दिसली आणि त्यांच्याविषयी सुटकेचा निःश्वास टाकला गेला. ही मुले पाच ते सात वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी ५९ जणांची भाषा तपासण्यात आली, तेव्हा ५७ जणांना वाक्यरचना समजण्यात किंवा नेमका शब्द आठवण्यात गंभीर अडचण असल्याचे दिसले, जरी त्यांची सर्वसाधारण बुद्धी वयाला साजेशी होती. भाषेचा पाया मेंदूत रचला जात असलेल्या काही महिन्यांत थायमिन नव्हते, आणि पुढे कितीही आहार मिळाला तरी ती घडी बसली नाही.

भारतात हा प्रश्न संपलेला आहे, असे समजणे धोक्याचे ठरेल. काश्मीरमधील डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत अंगावर पिणाऱ्या बाळांत अकस्मात उद्भवणारा, जीवघेणा आणि थायमिनचे इंजेक्शन देताच आश्चर्यकारक वेगाने उतरणारा आजार नोंदवला आहे. पॉलिशचा तांदूळ अनेक पाण्यांनी धुणे, शिजल्यावर जादा पाणी फेकून देणे आणि बाळंतिणीचा आहार पथ्याच्या नावाखाली आवळणे, या सवयींमुळे आईच्याच दुधात थायमिन उतरत नाही. कोकणात आणि गोव्यात परंपरेने खाल्ला जाणारा उकडा तांदूळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. भात सालासकट भिजवून वाफवला की कोंड्यातील थायमिन दाण्याच्या आत मुरते आणि नंतर सडले तरी बऱ्याच अंशी टिकते, त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंध्र किनाऱ्यावर कच्चा पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी असताना उकडा तांदूळ खाणारे प्रदेश त्यापासून बचावले होते. त्या तांदळाची पेज फेकून न देता पिण्याची कोकणी रीत त्यात आणखी भर घालते.

मराठी वाचकाच्या अधिक जवळचा अभाव मात्र बी-१२ चा आहे. हे जीवनसत्त्व केवळ सूक्ष्मजंतू तयार करतात आणि माणसाला ते मांस, मासे, अंडी व दुधातून मिळते. धान्ये, डाळी आणि भाज्यांत ते नसते. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरत असल्याने हा अभाव थायमिनसारखा झडप घालत नाही, दबकत येतो. चेतातंतूंवरील मायलिन हे स्निग्ध आवरण नीट राखण्यासाठी बी-१२ लागते, आणि ते झिजू लागले की मज्जारज्जूच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यांतून जाणारे संदेश विस्कळीत होतात. पायांना मुंग्या येतात, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते, अंधारात चालताना किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कोठे आहेत हे मेंदूला कळेनासे झालेले असते. विस्मरण, चिडचिड, संशय हीही त्याची रूपे असू शकतात, आणि वयस्क माणसात ती म्हातारपणाच्या खात्यावर टाकली जातात. मधुमेहात दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे बी-१२ चे शोषण घटते, परंतु पायांची बधिरता मधुमेहाचीच मानून रक्त तपासले जात नाही. फॉलिक आम्ल एकटे दिल्यास रक्तक्षय सुधारतो आणि मज्जारज्जूची इजा पुढे चालूच राहते, हे १९४० च्या दशकापासून माहीत असल्याने रक्तातील हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून नसा ठीक आहेत, हा निष्कर्ष कधीच काढू नये.

वेल्लोर येथील डॉक्टरांनी १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सहा भारतीय बालकांचे वर्णन केले. हसणे, मान धरणे, बसणे शिकलेली ही मुले ते सारे विसरत गेली होती, निर्विकारपणे पडून राहत होती, त्यांच्या कातडीवर काळपट डाग होते आणि हातपाय आपोआप हलत होते. ती वजनाने फार खंगलेली नव्हती. मात्र त्यांच्या आयांच्या शरीरात बी-१२ नव्हते आणि म्हणून दुधातही नव्हते. बी-१२ देताच काही दिवसांत मुलांच्या चेहऱ्यावर ओळख परतली. अंगावर दीर्घकाळ पाजलेल्या, वरचे अन्न उशिरा सुरू झालेल्या बाळांत हा आजार आजही दिसतो, आणि ‘गुटगुटीत पण मंद’ या शेऱ्याआड तो दडून राहतो.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडी, झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. ज्या वर्गाला कुपोषण हा शब्द आपल्यासाठी नाही असे वाटते, त्याच वर्गात हा अभाव सर्वाधिक निघाला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा होत आहे. गरोदरपणी आईचे बी-१२ फार कमी होते अशी मुले नऊ वर्षांची झाल्यावर, सलग लक्ष देण्याच्या आणि आकडे उलट क्रमाने ध्यानात ठेवण्याच्या चाचण्यांत पुरेसे बी-१२ असलेल्या आयांच्या मुलांच्या मागे पडली. हेच संशोधक पुढे एक पाऊल मागे गेले: गर्भधारणेपर्यंत न थांबता त्यांनी त्याच कुटुंबांतील किशोरवयीन मुलामुलींना दिवसाला अवघे दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली. या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा ज्यांना केवळ बी-१२ मिळाले होते त्यांच्या लहानग्यांचे आकलनाचे आणि भाषेचे गुण, बी-१२ न मिळालेल्या मुलींच्या लहानग्यांपेक्षा सरस आले. अभ्यास लहान आहे आणि तो मोठ्या प्रमाणावर पुन्हा व्हायला हवा. परंतु सरकारी शाळांत मुलींना आठवड्याला जी गोळी दिली जाते, तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल असते, बी-१२ नसते, आणि ते घालण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.